हँडब्रेकचा आणखी एक दात

मंडळी, काही माणसांना आपल्याला सगळं कळतं असं वाटतं आणि काहींची तशी खात्रीच असते. आमचे शोधक या दुसऱ्या प्रकारातले. छापखान्यात मुद्रितं तपासायची त्यांची नोकरी, म्हणून घरीदारी सगळे त्यांना शोधकच म्हणायचे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो नाहीतर बसचं तिकीट, त्यांच्या हाती पडलं की त्यात चूक निघणार म्हणजे निघणार! अठरा वर्षांची जुनी गाडी त्यांनी तिसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा तिच्यासोबत एक माहितीपुस्तक आलं. शोधकांनी एका रविवारी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि लाल पेन्सिलीने त्यातल्या त्रेचाळीस चुका सुधारल्या. तेव्हापासून "गाडीतलं मला सगळं कळतं" हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

तर एके दिवशी जेवताना त्यांनी छाती पुढे काढून जाहीर केलं, "आईंना ऑपरेशनला मी नेणार! आपल्या गाडीतून!"

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. सासू-सासरे यांच्याच घरी राहायचे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकला होता की सात महिने त्या माणसं पावलांवरून ओळखत होत्या. त्यांना वर्तमानपत्राचं भारी वेड. जाहिरातींसकट सगळं वाचायच्या. आता ते काम जावयाकडे आलं होतं, आणि जावई हे असे! पहिल्या बातमीच्या दुसऱ्या ओळीत त्यांना चूक सापडायची, मग ती कशी झाली असेल यावर अर्धा तास जायचा. सात महिन्यांत सासूबाईंना एकाही बातमीचा शेवट कळला नव्हता. त्यामुळे डोळा उघडायची घाई त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त होती.

ऑपरेशन डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात होतं. पहिली तारीख सासूबाईंच्या खोकल्यामुळे गेली, दुसरी डॉक्टरांच्या रजेमुळे. आता तिसरी, सकाळी नऊ वाजता. ही चुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले होते, "आजी, आता आणखी थांबायचं नाही हं." दवाखान्याची गाडी घरी न्यायला यायला तयार होती. शोधकांनी फोन करून ताठ मानेने "गरज नाही" म्हणून सांगितलं.

"अहो, पण तो ब्रेक..." बायको म्हणाली.

"ब्रेकचं मी बघतो! गाडीतलं मला सगळं कळतं!"

त्या ब्रेकची कहाणी अशी. गेला दीड महिना गाडी रोज सकाळी जळक्या वासाने दरवळायची. पहिल्या दिवशी शोधकांना वाटलं, बायको गॅसवर काहीतरी विसरलीय. अर्ध्या वाटेतून गाडी वळवून दोघं घरी आले. गॅस बंद! सासरे शांतपणे दाढी करत होते. बाहेर येऊन शोधकांनी गाडीभोवती वाकून वाकून हुंगायला सुरुवात केली, तशी उताराखालच्या औषधाच्या दुकानातून दुकानदार ओरडला, "सर्दी झालीय का हो?" शेवटी शंका मागच्या डाव्या चाकाची आली. ते किती तापलंय हे पाहायला शोधकांनी त्यावर तळहात ठेवला, आणि त्यांची आरोळी ऐकून दुकानदार बोलावण्याआधीच मलम घेऊन धावला! उरलेल्या तीन चाकांना हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि तपास तिथेच पांगळा झाला.

संध्याकाळी छापखान्यातून निघून ते थेट मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. चाक भिंगरीसारखं फिरलं. चारही फिरली! हँडब्रेक तीन दात, म्हणजे तीनदा 'कट्' वाजेपर्यंत, ओढून सोडून पाहिला, तोही सुटला.

"गाडीला काही झालेलं नाही साहेब."

"अहो, सकाळी चाक तव्यासारखं तापलं होतं!"

"मग सकाळी आणा."

"सकाळी मला कामावर जायचं असतं!"

मिस्त्रीने गाडी एक रात्र ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः चालवून पाहिली. सगळं गार! दुसऱ्यांदा त्याने ब्रेकचं ऑइल बदललं. तिसऱ्यांदा त्याने गाडीपेक्षा शोधकांकडेच जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, थोडे दिवस रजा घ्या ना."

हे मात्र शोधकांना लागलं. त्यांनी एक वही केली आणि रोजची तारीख टाकून नोंदी सुरू केल्या. 'घरून छापखान्यात: गरम. छापखान्यातून घरी: गार.' बारा दिवस हेच! तेराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. सकाळी गाडीत असं काय असतं जे संध्याकाळी नसतं? सकाळी ते बायकोला तिच्या शाळेत सोडत. संध्याकाळी ती मैत्रिणीबरोबर परत यायची.

आता शहाण्या माणसाने हा शोध पोटात ठेवला असता. यांनी तो चहाच्या टेबलावर मांडला, वहीसकट!

"म्हणजे माझ्या वजनाने ब्रेक तापतो?" बायकोचा आवाज एकदम मऊ झाला. लग्नाला सोळा वर्षं झालेल्या माणसाला त्या मऊपणाची भीती वाटायला हवी होती.

"तसं नाही, पण नोंदी बघता..."

"उद्यापासून मी चालत जाते. करा नोंदी!"

आठवडाभर ती चालत गेली. आठवडाभर ब्रेक तापला. आठव्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "आता लेखी द्या." शोधकांनी निमूटपणे वहीत लिहिलं: 'शुद्धिपत्र. "बायकोमुळे ब्रेक तापतो" याऐवजी "बायकोचा काहीही संबंध नाही" असे वाचावे.' बायकोने खाली सही घेतली.

या सगळ्या गदारोळात घरात एक माणूस गप्प होता. सासरे! पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं त्यांनी रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले होते. कुठलीही गोष्ट बंद झाली असं वाटलं की आणखी एक आटा, ही त्यांची सवय निवृत्त झाली नव्हती. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला दोन माणसं लागायची. साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की घर दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायचं. पण झाकणं आणि ब्रेक यांचा संबंध जोडायला डोकं लागतं, आणि ते शोधकांनी सगळं चाकात घातलं होतं.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. साडेसहाला गाडी निघाली. शोधक चालवायला, शेजारी सासरे, मागे बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती. "डोळा उघडला की आरशात बघायला काहीतरी चांगलं असू दे," म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं होतं. पट्टी सुटेल तेव्हा हेच पहिल्यांदा वाचायचं, शेवटापर्यंत, असं त्यांनी ठरवलं होतं.

चढ सुरू झाला तशी गाडी कुंथायला लागली. मग वास. मग सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी जळतंय का गं?" आणि पाठोपाठ बायको किंचाळली, "अहो, मागून धूर येतोय!"

चढावरच्या एका वळणावर, झाडाखाली, शोधकांनी गाडी थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, 'चाके आपोआप थंड होऊ द्यावीत, पाणी ओतू नये.' त्या पानावर एकही चूक सापडली नव्हती, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास होता. वीस मिनिटं सगळे धुराकडे बघत उभे राहिले. शोधक वही काढून वेळ टिपत होते. सासरे गाडीभोवती एक फेरी मारून, डावं दार उघडून, आत वाकून काहीतरी करून आले. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग शोधकांनी हँडब्रेकचा दांडा जोर लावून खाली केला आणि गियर टाकला. गाडी जागची हलेना! आणखी जोर दिला. इंजिन ओरडलं, गाडी थरथरली आणि बंद पडली. घड्याळात आठला दहा मिनिटं कमी होती. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना, सकाळी आणा!"

दवाखान्याची गाडी आपण नाकारली, हे शोधकांना आता आठवलं. सासूबाई दगडावर बसल्या होत्या, वर्तमानपत्र छातीशी धरून. "होईल हो काहीतरी, जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि त्या समजुतीच्या आवाजाने शोधकांना रडूच यायचं बाकी राहिलं. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवायला लागले. एक ट्रक गेला. दोन मोटारी गेल्या. तिसरं वाहन मात्र सावकाश, अगदी आदबीने येऊन थांबलं. लांबलचक, काळं, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: शववाहिका.

"अजून आमच्याकडे कुणी गेलेलं नाही!" शोधक घाबरून म्हणाले.

"ते बरंच आहे," चालक म्हणाला. माणूस पन्नाशीचा, आवाज एवढा हळू की समोरच्याचाही आपोआप कमी व्हावा. "गाडी रिकामीच आहे. दवाखान्यात चाललोय. इथे काय झालंय?"

शोधक वही उघडून पहिल्या नोंदीपासून सुरुवात करणार होते, पण तो माणूस थांबलाच नाही. चारही चाकांजवळ गेला. हात टेकवला नाही, नुसता उलटा पंजा जवळ नेला. "पुढची दोन्ही गार. मागची दोन्ही तापलेली. एकच तापलं असतं तर त्या चाकाचा दोष म्हटलं असतं. दोन्ही मागची एकदम म्हणजे हँडब्रेक. किती ओढता?"

"तीन दात! मोजून!"

"सकाळी सोडताना जड लागतो?"

"हो, पण मला वाटलं थंडीने..."

"तीन दातांचा ब्रेक जड लागत नाही. आणखी कोण ओढतं?"

शोधकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने अशी नजर टाकली की त्यांना शुद्धिपत्र आठवलं. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत सासऱ्यांवर आल्या. सासरे झाडावरचा एक पक्षी फार मन लावून बघत होते.

"बाबा?"

"मी आपला..." सासरे खाकरले. "एकच दात. फार तर चार."

चालक गाडीखाली शिरला. हातोडीचे चार ठोके आले, पान्याचा आवाज आला. "केबल नळीत गंजलीय, अलीकडेच," तो खालूनच म्हणाला. "थोडी ओढली तर परत येते. फार ओढली की गंजात जाऊन अडकते. तुम्ही आत दांडा खाली करता, पण ते चाकापर्यंत पोचतच नाही! आता ढिली केलीय. नवी केबल बसेपर्यंत हँडब्रेकला हात लावायचा नाही. थांबलात की गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा." मग बाहेर येऊन त्याने पायाचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला, चाकं फिरतात का ते पाहिलं आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "ही गाडी अजून जोरात पळवू नका. आजींना मी पुढे नेतो."

सासूबाईंना वाहन दिसत नव्हतं, आणि सांगायचं कुणी?

"आई, ही गाडी जरा... ऐसपैस आहे," बायको चाचरत म्हणाली.

"अगं, मला दिसत नाही, ऐकू येतं!" सासूबाई उठल्या. "पाठीमागे कुणी झोपलेलं नाही ना? मग चला. झोपून जायच्या आधी एकदा बसून जाऊ!"

आणि अशी वरात निघाली! पुढे शववाहिकेत सासूबाई आणि बायको, मागे सावकाश शोधक आणि सासरे. वाटेतली माणसं थांबून माना खाली घालत होती. एका सायकलवाल्याने उतरून शोधकांकडे बघत हळहळून हात जोडले. शोधकांनीही जोडले, दुसरं काय करणार?

"जावईबापू," सासरे समोर बघत म्हणाले, "गाडी घेतली त्याच आठवड्यात पहाटे मी फिरायला निघालो, तर ही आपली आपण उतारावरून निघाली होती. तुम्ही हँडब्रेक ओढलाच नव्हता. औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांपाशी मी पाठ लावून थोपवली. दुकानदार आला, मग दोघांनी ढकलत वर आणली."

शोधकांच्या हातातलं स्टिअरिंग जरा डगमगलं. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तुम्ही त्या गाडीवर एवढे खूश होता. दर अर्ध्या तासाने खिडकीतून बघत होता. म्हटलं, कशाला विरजण घालायचं? आपणच रोज पहाटे जाऊन एकदा बघावं. डाव्या दाराचं कुलूप तसंही लागत नाही. दिसला कमी ओढलेला की ओढायचा."

"रोज? दोन वर्षं?"

"आजारी होतो ते तीन दिवस सोडून. त्या तीन दिवसांत दुकानदाराला सांगून ठेवलं होतं."

दोन वर्षं हा म्हातारा माणूस पहाटेच्या गारठ्यात आपल्या चुकीवर पांघरूण घालत होता, आणि आपण त्याच्या मुलीचं वजन वहीत मांडत बसलो! "बाबा," ते कसंबसं म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर." सासरे म्हणाले, "समोर बघा, वळण आहे."

दवाखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने शववाहिकेला दांडा आडवा केला. "हे वाहन मागच्या दाराने! आणि गेलेल्या माणसाला दवाखान्यात कसं काय आणलं?" एवढ्यात मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, वर्तमानपत्र हलवत. "नऊ वाजता माझं ऑपरेशन आहे हो! सोडा लवकर!" पहारेकरी तीन पावलं मागे उडाला आणि दांडा आपोआप वर गेला. आठ वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती!

शोधक धावत येईपर्यंत चालक निघायच्या तयारीत होता. शोधकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही नसतात तर... कसे आभार मानू?"

"मानलेत की," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या गाडीतून उतरून कुणी चालत गेलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. मलाही बरं वाटलं."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि सासूबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग जावयाकडे. "वाळलात हो," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं असताना सगळ्यांचेच डोळे भरून आले. उद्यापासून वाचायला हरकत नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना दोन दिवसांत घरी सोडलं. मिस्त्रीने नवी केबल टाकली. सासऱ्यांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की हँडब्रेकला बोट लावणार नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई पहाटेच खिडकीशी जाऊन बसल्या, पेपर कधी येतो याची वाट बघत. आणि एकदम त्यांचा आवाज घरभर घुमला, "अहो! हात लावू नका! मला दिसतंय!"

खाली गाडीच्या दारापाशी सासरे दोन्ही हात वर करून उभे होते. "मी नुसता बघत होतो!"

"दोन पावलं मागे व्हा!"

"मागे कसा होऊ? ही पुढे चाललीय!"

चालली होती! सासूबाई घरी आल्याच्या आनंदात आमच्या शोधकांनी आदल्या दिवशी गाडी गियरमध्येही ठेवली नव्हती आणि हँडब्रेकही ओढला नव्हता. चाकाला लावलेल्या दगडाने रात्रभर तग धरला होता, तो आता निसटला. ते बनियनवरच धावत सुटले. खालून दुकानदार धावला, सासऱ्यांनी पुढे होऊन पाठ लावली, आणि तिघांनी मिळून गाडी थोपवली. शोधक आत शिरले आणि मोठ्याने मोजत दांडा ओढला, "एक! दोन! तीन!" मग थांबले. बाहेर सासरे शपथेला जागून हात पाठीमागे बांधून उभे होते, पण चेहरा असा की बघवेना.

"बाबा, आणखी एक ओढू?"

"ओढा," सासरे म्हणाले. "तेवढीच जिवाला शांतता."

चार दात ओढून शोधक घरात आले. त्यांनी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: 'शुद्धिपत्र. "गाडीतलं मला सगळं कळतं" याऐवजी "घरात बाबा आहेत" असे वाचावे.' खाली सही केली आणि वही सासूबाईंच्या हातात दिली.

सासूबाईंनी ती हातभर लांब धरली. सात महिन्यांनी स्वतःच्या डोळ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, त्यांनी ती वाचली.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, आज चौदा तारीख. तुम्ही तेरा लिहिलंय."

शोधकांनी लाल पेन्सिल निमूटपणे त्यांच्या हातात दिली.